गांजाला परवाना कोणाच्या संमतीने?

हिमाचल प्रदेशात २०२२च्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसने मतदारांना दहा हमी दिल्या होत्या. त्यांत जुनी निवृत्तिवेतन योजना होती, महिलांना दरमहा दीड हजार रुपये होते, तीनशे युनिट मोफत वीज होती, इतकेच काय, शेण विकत घेण्याचा दरही होता. भांगेच्या शेतीचा मात्र या दहांमध्ये उल्लेख नव्हता. सत्तेवर आल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल २०२३ मध्ये, महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली या शेतीचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव संमत केला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांच्या साहाय्याने प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. हे सारे औषधी आणि औद्योगिक उपयोगासाठी आहे, नशेसाठी नाही, असे सरकारने वारंवार सांगितले आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या मतदाराच्या अंगणाशी हा विषय येऊन ठेपला आहे, त्याला मत देण्यापूर्वी याविषयी कोणी विचारले नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

२०२२ मध्ये निवडून आलेल्या पंजाब, गोवा, उत्तराखंड आणि हिमाचल या विधानसभांची मुदत २०२७-२८च्या सुमारास संपते. या चारही राज्यांचा अंमली पदार्थांच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. पंजाबात तो निवडणुकीचाच विषय होऊन बसला आहे. गोव्यात तो पर्यटनाच्या आड दडलेला असतो. उत्तराखंडाने २०१८ मध्येच औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना देऊन देशात पहिले पाऊल टाकले आणि हिमाचलात कुलूच्या मलाणा गावाचे नाव तर जगभरच्या चरस ओढणाऱ्यांच्या तोंडी आहे. तेव्हा या राज्यांत मते मागावयास येणाऱ्या उमेदवाराला गांजाविषयी त्याची भूमिका विचारण्याची वेळ आताच आहे. निवडणुकीनंतर विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडे समिती हेच उत्तर मिळते.

आपली भूमिका प्रस्तुत लेखक आरंभीच स्पष्ट करू इच्छितो. गांजाची खुली विक्री, म्हणजे दारूच्या दुकानाप्रमाणे परवाना, कर आणि जाहिरात यांच्या बळावर चालणारा बाजार, या देशात उभा राहू नये. परंतु गांजा ओढणारा गरीब पोरगा तुरुंगात सडावा, असेही या भूमिकेतून निघत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ करण्यातच समर्थकांचे अर्धे यश आहे, आणि विरोधकांचे अर्धे अपयशही.

कायदा काय म्हणतो?

गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, अर्थात एनडीपीएस कायदा, १९८५ चा. विधेयक त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संसदेत आले, सप्टेंबरच्या मध्याला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजाचा वैद्यकेतर उपयोग पंचवीस वर्षांत थांबविण्याचे बंधन भारतावर होते, त्याची मुदत जवळ येत चालली होती. करार होत असताना भारतीय प्रतिनिधींनी एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली होती. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याचा चीक. नुसती पाने व बिया या व्याख्येबाहेर राहिल्या. काशी-मथुरेकडे परवान्याच्या दुकानात भांग मिळते ती यामुळे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने भांगेवरही निर्बंध आहेत. दिल्लीत होळीला उत्तरेकडील शेजाऱ्याने पुढे केलेला थंडाईचा पेला पाहून मराठी गृहस्थ बिचकतो, त्यामागे केवळ संस्कार नाहीत, कायद्याचा इतिहासही आहे.

एनडीपीएस कायद्याच्या दहाव्या व चौदाव्या कलमांनी वैद्यकीय, शास्त्रीय आणि औद्योगिक कारणांसाठी लागवडीस परवानगी देण्याची वाट मोकळी ठेवलेलीच आहे. म्हणजे धागा, बी, तेल किंवा औषध यांसाठी नवे तत्त्वज्ञान मांडण्याची गरज नाही. नियम करावे लागतील, देखरेखीची यंत्रणा उभारावी लागेल, इतकेच. त्यामुळे औषधाचे नाव घेऊन कायदाच मोडीत काढण्याची भाषा जेव्हा केली जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात औषधापलीकडचे काही आहे काय, असे विचारणे गैर ठरत नाही.

शिक्षेच्या बाजूने पाहिल्यास कायदा प्रमाणानुसार भेद करतो. गांजा एक किलोपर्यंत आणि चरस शंभर ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. त्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही. गांजा वीस किलो आणि चरस एक किलो, येथून व्यापारी प्रमाण सुरू होते आणि किमान दहा वर्षांची शिक्षा ठरलेली. स्वतः उपचारासाठी पुढे येणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलमही याच कायद्यात आहे. तरतूद चांगली आहे. परंतु तिचा लाभ घ्यावा तर उपचारकेंद्र जवळ हवे आणि कलम ठाऊक असलेला वकील हवा. गरिबाजवळ बहुधा दोन्ही नसते.

परंपरेचा दाखला

गांजाचे समर्थक प्रथम परंपरेचा हवाला देतात. शंकराचा प्रसाद, साधूंची चिलीम, होळीची थंडाई, ही यादी सर्वांना पाठ आहे. त्यापाठोपाठ १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज आयोगाचे नाव येते. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या सात सदस्यांच्या आयोगाने, ज्यात तीन भारतीय होते, अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, म्हणून बंदीऐवजी कर व नियंत्रण असावे, हा त्याचा निष्कर्ष होता. अहवाल परिश्रमपूर्वक तयार केलेला होता यात शंका नाही. पण तो ज्या जगाचा होता, ते जग आता उरलेले नाही. त्या काळचा गांजा बंगालातील नौगाव किंवा मध्य प्रांतातील खांडवा येथे परवान्याने पिकवून सरकारी गोदामात जमा होत असे. आजचा बाजार टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण वाढविण्याच्या स्पर्धेवर चालतो. प्रखर वाण, अर्क, मिठाईत घातलेला गांजा, ही त्याची रूपे आहेत. वर्षातून एकदा घेतलेली भांग आणि रोज ओढलेला प्रखर गांजा यांना एकाच परंपरेत बसविणे म्हणजे देवळातील समई आणि रानातला वणवा यांना एकच आग म्हणण्यासारखे आहे.

परंपरेनेही भेद केलेला होताच. संन्याशाला जे चालते ते गृहस्थाला चालत नाही, हे खेड्यातील अशिक्षित म्हातारीलाही ठाऊक होते. मराठीत ‘गंजेडी’ हा शब्द कौतुकाने वापरलेला कोणी ऐकला आहे काय?

थायलंडचा धडा

समर्थकांचा दुसरा आधार परदेशाचा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो व वॉशिंग्टन राज्यांनी जनमताने, २०१३ मध्ये उरुग्वेने, ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅनडाने आणि एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीने निरनिराळ्या मर्यादांसह गांजा मोकळा केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक सूचीतून वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले, याचाही दाखला दिला जातो. त्या मताचा अर्थ मर्यादित होता. वैद्यकीय उपयोगाची शक्यता मान्य करणे, एवढाच. १९६१ च्या कराराच्या पहिल्या सूचीत गांजा त्यानंतरही कायम राहिला.

परंतु आपल्याला धडा घ्यावयाचा तर तो आशियातील देशाकडून घ्यावा. थायलंडमध्ये २०१९ च्या निवडणुकीत भूमजैथाई या पक्षाने घरटी गांजाची सहा झाडे लावू देण्याचे आश्वासन दिले. आघाडी सरकारात त्याचे नेते अनुतिन चार्नविराकुल आरोग्यमंत्री झाले आणि ९ जून २०२२ रोजी गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून वगळला गेला. नियमनाचा कायदा मात्र संसदेत अडकला आणि २०२३ ची निवडणूक आली तरी तो संमत झाला नाही. बंदी उठली, कायदा आला नाही आणि मधल्या पोकळीत हजारो दुकाने उभी राहिली. २०२३ च्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षांनी गांजाला आवर घालण्याची आश्वासने दिली, नंतर आघाडीच्या गरजेपोटी ती मऊ केली. अखेर जून २०२५ मध्ये भूमजैथाई सरकारातून बाहेर पडला आणि त्यानंतर काही दिवसांतच आरोग्य मंत्रालयाने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गांजा विकण्यास मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये तेच अनुतिन पंतप्रधान झाले, ही या कथेतील पुढची कलाटणी.

यातून काय दिसते? एका देशातील मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आघाडीच्या बेरीज-वजाबाकीवर ठरला. ज्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून झाडे लावली, ज्या दुकानदारांनी भांडवल घातले, ते सारे अधांतरी राहिले. एकदा बाजार उभा राहिला की तो मोडणे बंदी उठविण्याहून कितीतरी अवघड असते, कारण आता त्याला मालक असतात, नोकर असतात आणि देणगी घेणारे पक्षही असतात. आघाड्यांचे राजकारण आपल्याला परके नाही. म्हणूनच बँकॉकची ही हकीगत दिल्लीत काळजीपूर्वक वाचली पाहिजे.

तिजोरीचा मोह

खरा जोर आहे तो महसुलाच्या मुद्द्यात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५१ वी नोंद आहे. मद्य, अफू, भारतीय भांग व इतर गुंगीकारक द्रव्ये यांवरील उत्पादनशुल्क ती राज्यांच्या स्वाधीन करते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे कर थोडेच राहिले. पेट्रोल-डिझेल, मद्य, मुद्रांक, एवढेच. अशा स्थितीत कर्जाने वाकलेल्या राज्याच्या अर्थखात्याला ५१ व्या नोंदीतील तो शब्द खुणावू लागला तर नवल नाही. हिमाचलात महसुलाचा मुद्दा खुद्द मुख्यमंत्र्यांनी मांडला आहे.

दारूच्या महसुलाने राज्यांचे काय केले, ते मात्र आपल्या डोळ्यांपुढे आहे. दिल्लीकरांना तर वेगळे सांगावयास नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेले मद्यधोरण वर्षाच्या आत मागे घ्यावे लागले, त्यावरून मंत्री तुरुंगात गेले, मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांना पदावर असताना अटक झाली आणि फेब्रुवारी २०२५ च्या विधानसभा निवडणुकीत हाच विषय गाजला. त्या आरोपांचा न्यायालयीन शेवट काहीही असो, नशेच्या वस्तूचा परवाना ही राजकारणाला किती जवळची वस्तू आहे, हे त्यातून सर्वांना कळले. ज्या राज्ययंत्रणेला दारूची दुकाने वादाविना वाटता येत नाहीत, ती गांजाची दुकाने वाटील, हा विश्वास कोठून आणावयाचा?

शेतकऱ्याचे नाव पुढे करण्याची रीतही जुनीच आहे. महाराष्ट्रात धान्यापासून मद्य बनविण्याच्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण २००७ मध्ये आले, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला भाव मिळेल असे सांगितले गेले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा द्राक्षबागाईतदाराचे हित सांगितले गेले, आणि विरोध झाल्यावर निर्णय मागे पडला. गांजाच्या बाबतीतही डोंगरउतारावरील गरीब शेतकरी असाच पुढे केला जातो. त्याची गरिबी खरी आहे. आंध्र-ओडिशा सीमेवरील आदिवासी पाड्यांत किंवा आपल्या धुळे जिल्ह्यातील शिरपूरकडे कापूस-तुरीच्या आड गांजा लावणारा शेतकरी हौसेने लावत नाही. भाव त्याला ठरविता येत नाही आणि छापा पडला की सापडतो तोच. पण परवान्याचे राज्य आले तर प्रयोगशाळा, कुंपण, कॅमेरे आणि तपासणी शुल्क परवडणाऱ्या कंपनीपुढे हाच शेतकरी टिकेल काय? आज तो तस्कराचा मजूर आहे, उद्या परवानाधारकाचा मजूर होईल. आंध्र प्रदेशाने २०२१-२२ मध्ये हजारो एकर गांजा उपटला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे दोन लाख किलो माल जाळला. उपटलेल्या शेतात पुढच्या वर्षी काय पिकवावयाचे आणि ते कोण विकत घेणार, याचे उत्तर देणे हे खरे शेतकरीहिताचे काम आहे.

उपचाराची उणीव

आता आरोग्याकडे वळू. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे ३ कोटी १० लाख भारतीय भांग, गांजा किंवा चरस यांचे सेवन करतात. हे प्रमाण २.८ टक्के आहे. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना या सेवनामुळे मदतीची गरज आहे. भांग पिणारे संख्येने अधिक आहेत, पण व्यसनाच्या फासात अडकण्याचे प्रमाण गांजा-चरस ओढणाऱ्यांत अधिक आहे, हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. याच सर्वेक्षणाने दारू पिणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के दाखविले आहे. दारू कायदेशीर आहे, गांजा नाही. या दोन आकड्यांतील अंतराला संस्कृती, किंमत अशी इतरही कारणे असतील, पण दुकानाच्या पाटीचा त्यात वाटा नाही असे कोण म्हणेल?

तरुण मेंदूवरील परिणामांविषयीचा पुरावा दिवसेंदिवस बळकट होत आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झालेल्या, युरोप व ब्राझीलमधील अकरा ठिकाणच्या अभ्यासात प्रखर गांजाचे रोज सेवन करणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका कधीच सेवन न करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट आढळला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात छिन्नमनस्कतेच्या नव्या रुग्णांपैकी गांजाच्या व्यसनाशी निगडित असलेल्यांचा वाटा कायदा बदलण्यापूर्वी सुमारे ४ टक्के होता, तो नंतर सुमारे १० टक्क्यांवर गेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. छिन्नमनस्कतेचे एकूण प्रमाण मात्र त्या काळात वाढलेले दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. शास्त्रज्ञ कार्यकारणभावाविषयी अजून वाद घालीत आहेत आणि तो त्यांनी घालावा. परंतु राज्यकर्त्याने शंकेचा फायदा विक्रेत्याला द्यावयाचा की सोळा वर्षांच्या मुलाला, हा प्रश्न शास्त्राचा नाही, विवेकाचा आहे.

त्यातही कॅनडा आपल्या आजाऱ्याला रुग्णालयात नेऊ शकतो. आपल्याकडे लाख लोकांमागे एकही पुरा मानसोपचारतज्ज्ञ नाही. वरील सर्वेक्षणानुसारच बेकायदा पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हा गर्दने शहरातील घरे पोखरली होती. एका कुटुंबाच्या कळकळीतून उभी राहिलेली ती संस्था आजही मराठी माणसाला आधार वाटते. पण चाळीस वर्षांनंतरही आपण अशा संस्थांची नावे बोटांवर मोजतो, यातच शासनाचे प्रगतिपुस्तक आले.

राजधानीतील मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. मुखर्जीनगर आणि राजेंद्रनगरच्या खोल्यांत लातूर, नांदेड, सोलापूरकडून आलेली मुले स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत असतात. घरापासून तेराशे-चौदाशे किलोमीटर दूर, वडिलांनी जमीन गहाण टाकून पाठविलेले पैसे, दोनदा हुकलेली पूर्वपरीक्षा आणि रात्रीचा एकटेपणा. अशा मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात, कायद्याची मोहोर असलेले, मन हलके करणारे काही मिळू लागले तर त्याला अडविणारा आईचा आवाज तेथे नसतो. दिल्लीत बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याचे घर सकाळी साडेआठला रिकामे होते आणि संध्याकाळी सातला भरते. मधल्या वेळात त्या घरातील मूल काय करते, हे अनेकदा शेजाऱ्याला आधी कळते. बंदीने हे धोके नाहीसे होत नाहीत. पण सहज मिळणे आणि खटपट करून मिळणे यांत फरक आहे, आणि पुष्कळ मुले त्या फरकामुळेच वाचतात.

विरोधकांनी मान्य करावे असे काही

एनडीपीएस कायद्याचा गैरवापर होतो, हे मान्य केल्याशिवाय गांजाला विरोध करणे प्रामाणिकपणाचे नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रूझ प्रकरणात एका अभिनेत्याच्या मुलाला तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत काढावे लागले आणि मे २०२२ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रच ठेवले गेले नाही. तो नामवंताचा मुलगा होता, म्हणून देशाला कळले. रेल्वेस्थानकाबाहेर अर्ध्या पुडीसह सापडलेल्या हमालाची बातमी होत नाही. तपासयंत्रणांचा वेळ अशा पुड्यांत जातो आणि मोठा व्यापारी मोकळा राहतो, ही समर्थकांची तक्रार रास्त आहे. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये कायदा बदलण्यासाठी खासगी विधेयक पुढे आणले, त्यामागे पंजाबातील हीच वेदना होती. त्यांचा उपाय आम्हाला मान्य नाही, पण त्यांचे निदान झटकून टाकता येत नाही.

यावर उत्तर आहे ते सेवन करणाऱ्याला गुन्हेगार न मानता रुग्ण मानण्यात. ६४-अ कलम कागदावरून रस्त्यावर आणावे, अल्प प्रमाणाच्या प्रकरणांत तुरुंगाऐवजी समुपदेशन अनिवार्य करावे, जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचा कक्ष असावा. यासाठी बाजार मोकळा करण्याची गरज नाही. जखमी माणसाला रुग्णालयात नेण्यासाठी रस्त्यावरील वेगमर्यादा उठवावी लागत नाही.

उमेदवाराला विचारावयाचे प्रश्न

मग मतदाराने काय करावे? सभेत, दारावर आलेल्या कार्यकर्त्यापाशी, सोसायटीच्या बैठकीत, जेथे उमेदवार भेटेल तेथे त्याला काही साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे.

पहिला प्रश्न असा की, आपला पक्ष गांजाची लागवड कशासाठी मान्य करतो? धागा व बियांसाठी, औषधासाठी, की करमणुकीसाठी? औद्योगिक वाणात टीएचसीची ०.३ टक्क्यांची मर्यादा सांगितली जाते. ती कोणती प्रयोगशाळा तपासणार आणि मर्यादा ओलांडलेल्या पिकाचे काय करणार?

दुसरा प्रश्न पैशाचा. महसुलाचा जो आकडा आपण सांगता, त्यातील किती रुपये व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवणार, आणि तसे कायद्यातच लिहिणार काय?

तिसरा प्रश्न हितसंबंधांचा. परवाने कोणत्या पद्धतीने देणार? आपल्या वा आपल्या कुटुंबीयांच्या नावे अशा उद्योगात भागभांडवल आहे काय? संपत्तीचे प्रतिज्ञापत्र उमेदवाराला द्यावेच लागते, तेथे हे लिहून दाखवावे.

चौथा प्रश्न न्यायाचा. तुरुंगात असलेल्या अल्प प्रमाणाच्या आरोपींसाठी आपण काय करणार? जो केवळ दुकानांविषयी बोलतो आणि कैद्यांविषयी गप्प बसतो, त्याचे प्रेम कोणावर आहे ते ओळखावे.

पाचवा प्रश्न संमतीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. जाहीरनाम्यात न लिहिलेला असा निर्णय आपण पाच वर्षांच्या मधोमध घेणार नाही, असे वचन आपण देता काय? डिसेंबर २०२० मध्ये गोव्यात वैद्यकीय गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव विधी खात्याने तपासल्याची बातमी आली आणि गदारोळ झाल्यावर सरकारने त्याला मान्यता दिली नसल्याचा खुलासा मुख्यमंत्र्यांना करावा लागला. गोवेकर जागे होते, म्हणून खुलासा तरी झाला.

उमेदवाराच्या शब्दावर किती विसंबावयाचे, हेही अनुभवाने ठरवावे. पंजाबात डिसेंबर २०१५ मध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी पवित्र गुटका हाती धरून चार आठवड्यांत नशेचे कंबरडे मोडण्याची शपथ घेतली. २०१७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. २०२२ ची निवडणूक आली तेव्हा पंजाबातील आया तोच प्रश्न पुन्हा विचारीत होत्या. म्हणून शपथ नको, तपशील हवा. अंमली पदार्थांच्या व्यवहाराला लोकप्रतिनिधित्व कायदा किती गंभीर मानतो, हेही उमेदवाराला आठवून द्यावे. त्याच्या आठव्या कलमान्वये एनडीपीएस कायद्याखाली दोषी ठरलेली व्यक्ती, शिक्षा केवळ दंडाची असली तरीही, सहा वर्षे निवडणूक लढविण्यास अपात्र ठरते. जो व्यवहार उमेदवाराला अपात्र करतो, त्याच व्यवहाराला परवाना देण्याचा विचार करण्यापूर्वी मतदाराला विचारावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत सांगण्यासारखे काही आहे. गावातील दारूचे दुकान राहावे की जावे, हे आपल्याकडे स्त्रिया मतदानाने ठरवितात. उभी बाटली की आडवी बाटली, एवढाच प्रश्न असतो आणि निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडवी केली की दुकानाला टाळे लागते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तेथील ‘मुक्तिपथ’ अभियानाने निवडणुकीच्या वेळी उमेदवारांकडून दारूबंदीच्या समर्थनाची लेखी वचने घेण्याचा प्रघात पाडला. देशातील सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी एकातील आदिवासी स्त्रीला उमेदवाराला प्रश्न विचारावयाचे सुचते. राजधानीतील सुशिक्षित मतदाराने मौन पाळावे, हे त्याला शोभणारे नाही.

अधिकारीवर्गाविषयी दोन शब्द. सेवानियम अधिकाऱ्याला प्रचारापासून दूर ठेवतात आणि ते योग्यच आहे. परंतु मत देण्याचा आणि मत देण्यापूर्वी विचार करण्याचा अधिकार नियमांनी काढून घेतलेला नाही. शिवाय या विषयाची संचिका आज ना उद्या कोणाच्या तरी मेजावर येणार आहे. गृह, महसूल, आरोग्य, सामाजिक न्याय अशा खात्यांतून ती फिरेल. प्रत्येक खाते दुसऱ्याचे मत मागवील आणि शेवटी वित्त विभागाचा आकडा सर्वांत ठळक दिसेल. त्या वेळी टिप्पणी लिहिणाऱ्याने राज्यघटनेचे ४७ वे कलम समोर ठेवावे. औषधी प्रयोजन वगळता, आरोग्यास अपायकारक अशी मादक पेये व द्रव्ये यांच्या सेवनास मनाई करण्यासाठी राज्य प्रयत्नशील राहील, असे ते सांगते. ते न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे खरे. म्हणूनच ते बजावण्याची जबाबदारी अधिकाऱ्याच्या लेखणीवर आणि मतदाराच्या बोटावर येऊन पडते.